स्वस्त इन्फ्रारेड सेन्सरवरून उपग्रहाला ‘खाली’ कुठे ते कळेल का?

प्रश्न : आमची टीम १० सेंटीमीटरचा क्यूबसॅट (घनाकृती छोटा उपग्रह) बनवतेय. स्टार ट्रॅकर (तारे बघून दिशा ओळखणारा कॅमेरा) बजेटमध्ये बसत नाही. कपाळाचा ताप मोजायच्या थर्मामीटरमध्ये जो इन्फ्रारेड सेन्सर असतो तसलाच लावून पृथ्वी कुठल्या बाजूला आहे ते कळेल का? आणि सूर्याची दिशा सांगणारा सन सेन्सर असताना याची गरज आहे का?

उत्तर : कळेल, आणि गरजही आहे. सन सेन्सर पृथ्वीच्या सावलीत गेला की आंधळा, आणि ५०० किलोमीटर उंचीवर साधारण ९५ मिनिटांच्या एका फेरीत ३५ मिनिटांपर्यंत सावली असू शकते. पृथ्वी मात्र रात्रीसुद्धा उष्णता सोडतच असते आणि तिच्यामागचं आकाश एकदम थंडगार, त्यामुळे कडा छान उठून दिसते.

या उंचीवरून पृथ्वी जवळजवळ १३६ अंश पसरलेली दिसते, म्हणजे क्षितिज आडव्या रेषेच्या २२ अंश खाली येतं. म्हणून दोन सेन्सर समोरासमोरच्या बाजूंना २२ अंश खाली झुकवून बसवा, सरळ असताना दोघांनाही अर्धी पृथ्वी अर्धं आकाश दिसेल आणि उपग्रह कलला की एकाचं रीडिंग वाढेल, दुसऱ्याचं कमी होईल. तसलीच जोडी उरलेल्या दोन बाजूंना लावली की रोल आणि पिच, म्हणजे बाजूला कलणं आणि पुढे-मागे कलणं, दोन्ही मिळतात.

आता खरी गोम. सेन्सर देतो ते तापमान वापरूच नका! एमएलएक्स९०६१४ या स्वस्त इन्फ्रारेड सेन्सरची रेंज उणे ७० अंश सेल्सिअसला संपते आणि अवकाश आहे उणे २७० च्या आसपास, तिथे फॅक्टरी कॅलिब्रेशन काय कामाचं, तेव्हा रॉ व्हॅल्यूच (तापमानात न बदललेला मूळ आकडा) घ्या. शिवाय थर्मोपाइल (सेन्सरमधला उष्णता टिपणारा भाग) मोजतो तो समोरची वस्तू आणि त्याची स्वतःची बॉडी यांच्यातला फरक, आणि सावलीतून बाहेर आल्यावर उपग्रहाची एक बाजू भराभर तापते की रीडिंग सरकलंच. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की अजून दोन सेन्सर घाला, एक सरळ खाली बघणारा, एक नुसतं आकाश बघणारा. क्षितिजाच्या रीडिंगमधून आकाशाचं वजा करा, खालच्यातूनही आकाशाचं वजा करा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा, किती भाग पृथ्वीने व्यापलाय ते मिळतं. हा भाग आणि कोन यांचं नातं सरळ रेषेत नसतं हं, कडेला सेन्सरची संवेदनशीलता कमी होते, तेव्हा लॅबमध्ये गरम प्लेटसमोर सेन्सर हळूहळू फिरवून स्वतःचं टेबल बनवा.

ढगांचा त्रास होणारच. महागड्या सेन्सरमध्ये १४ ते १६ मायक्रॉनचा फिल्टर असतो, त्या पट्ट्यात कार्बन डायऑक्साइडचा थर बऱ्यापैकी एकसारखा दिसतो. स्वस्तातल्याला थंड ढगमाथे आणि तापलेलं वाळवंट दोन्ही दिसतं, म्हणून एकाच रीडिंगवर विसंबू नका, जायरोच्या (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) रीडिंगबरोबर सॉफ्टवेअर फिल्टरमध्ये, म्हणजे दोन्हींचा मेळ घालणाऱ्या गणितात, घाला. सूर्य सेन्सरच्या नजरेत आला तर ते रीडिंग सरळ टाकून द्या.

आणि यॉ यातून मिळत नाही, उपग्रह खाली बघत स्वतःभोवती फिरला तरी क्षितिज तसंच दिसतं, त्यासाठी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजणारा मॅग्नेटोमीटर लावाच.