वाचकांचे प्रश्न : ‘सुपरनॅचरल’चा शेवटचा भाग

प्रश्न : माननीय संपादक, सादर नमस्कार. भुते, सैतान आणि रक्तपिपासू यांची शिकार करत एका जुन्या गाडीतून अमेरिकाभर फिरणाऱ्या सॅम आणि डीन विंचेस्टर या भावांची ‘सुपरनॅचरल’ ही मालिका मी महाविद्यालयात असल्यापासून पाहत आले. १५ पर्वे आणि ३२७ भागांनंतर आलेला ‘कॅरी ऑन’ हा अखेरचा भाग मी नुकताच दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्या वेळी मी रडले होते, या वेळी मात्र फक्त राग आला. प्रत्यक्ष देवालाही पुरून उरलेला डीन एका कोठारात साध्या रक्तपिपासूंशी झुंजताना खांबातून बाहेर आलेल्या सळईवर आदळतो आणि मरतो, हे मला पटत नाही. बारा वर्षे सोबत असलेल्या कॅस्टिएल या देवदूताचा या भागात केवळ ओझरता उल्लेख आहे. माझी निराशा रास्त आहे, की मी आवडत्या पात्राच्या मृत्यूवर रुसले आहे? माझी धाकटी बहीण आता ही मालिका पहिल्यांदा पाहत आहे. तिला शेवटचा भाग पाहू नकोस, असे सांगावे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपली निराशा रास्त आहे, असे मला मनापासून वाटते. मात्र आपण तिचे जे कारण दिले आहे, त्यात थोडी दुरुस्ती सुचवावीशी वाटते. सळई ही क्षुद्र वस्तू आहे म्हणून तो मृत्यू खटकतो, असे मला वाटत नाही. मालिकेचे निर्माते एरिक क्रिपकी यांनी या मालिकेची कल्पना मुळात पाच पर्वांपुरती केली होती आणि त्या पाच पर्वांचा शेवट असलेला ‘स्वान साँग’ हा भाग १३ मे २०१० रोजी प्रसारित झाला. त्यात साऱ्या जगाचा निकाल लागतो तो प्लॅस्टिकच्या एका खेळण्यातल्या शिपायामुळे. लहानपणी सॅमने गाडीच्या रक्षापात्रात अडकवून ठेवलेला तो शिपाई नजरेस पडतो, सॅमच्या शरीराचा ताबा घेतलेल्या ल्युसिफर या सैतानावर सॅमच्या आठवणी मात करतात आणि सॅम स्वतःसकट त्याला खोल पिंजऱ्यात लोटून देतो. शिपाई सळईहूनही क्षुल्लक होता, पण भागाच्या आरंभीच त्या गाडीची आणि त्या शिपायाची गोष्ट निवेदकाने आपल्याला सांगून ठेवली होती, त्यामुळे तो क्षण आला तेव्हा त्यामागे दोन भावांचे सारे बालपण उभे होते. ‘कॅरी ऑन’मधल्या सळईमागे असे काहीही नाही.

या मृत्यूचे समर्थन करणारे एक म्हणणे मांडतात आणि ते मला विचार करण्याजोगे वाटते. चक म्हणून ओळखला जाणारा देव हा या मालिकेत लेखकही आहे, आणि त्यानेच या भावांना आपल्या कथेचे नायक म्हणून आजवर जपले होते. पंधराव्या पर्वाच्या मध्यावर तो हे कवच काढून घेतो, तेव्हा त्यांची गाडी बंद पडू लागते आणि अंगी मुरलेले कौशल्यही दगा देते, हे आपल्याला आठवत असेल. त्याच पर्वाच्या एकोणिसाव्या भागात चकचे सामर्थ्य जॅककडे, म्हणजे या भावांनी सांभाळलेल्या ल्युसिफरच्या मुलाकडे जाते आणि भाऊ मोकळे होतात. मग मोकळा माणूस कुठल्याही सळईवर मरू शकतो, असा हा युक्तिवाद आहे. तर्काला तो धरून आहे, पण अखेरच्या भागातले एकही वाक्य हा विचार बोलून दाखवत नाही. उलट डीनच्या खोलीतल्या टेबलावर नोकरीचा एक अर्ज पडलेला दिसतो. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याने लिहिलेली गोष्ट जगली, तो आता स्वतः काहीतरी लिहू पाहत होता, आणि त्या अर्जाचे पुढे काहीच होत नाही. माझे दुःख त्या मृत्यूपेक्षा या अर्जाचे अधिक आहे.

महासाथीचा मुद्दाही येथे नोंदवायला हवा. मार्च २०२० मध्ये व्हँकुव्हरमधले चित्रण थांबले आणि ऑगस्टमध्ये ते कडक निर्बंधांखाली पुन्हा सुरू झाले, त्यामुळे मृत्यूनंतर डीन जातो त्या स्वर्गात जुन्या पात्रांचा मेळावा भरवण्याचा बेत सोडून द्यावा लागला. तिथे जुन्या पात्रांपैकी डीनला एकटे बॉबी, म्हणजे या भावांना वडिलांच्या जागी असलेले वयस्क शिकारीच भेटतात. सॅमच्या पत्नीची तर अंधुक आकृतीच दिसते. त्या रिकामेपणाबद्दल लेखकांना दोष देणे अन्यायाचे होईल. मात्र डीनच्या मृत्यूचा निर्णय साथीमुळे झालेला नव्हता. चित्रणाच्या कितीतरी आधी, २०१९ मध्येच, डीन साकारणारे जेन्सन ॲकल्स यांनी जाहीरपणे सांगितले होते की हा शेवट स्वीकारणे त्यांना जड गेले आणि त्यांनी त्याविषयी क्रिपकी यांना फोन केला. तरीही कोठारातला तो दीर्घ निरोप त्यांनी आणि सॅम साकारणारे जॅरेड पॅडलेकी यांनी इतक्या निष्ठेने साकारला आहे की पहिल्या वेळी आपल्याला रडू आले, याबद्दल पश्चात्ताप करण्याचे काहीच कारण नाही.

कॅस्टिएलच्या बाबतीत मी पूर्णपणे आपल्या बाजूची आहे. सप्टेंबर २००८ मध्ये चौथ्या पर्वाच्या पहिल्याच भागात आलेला हा देवदूत ५ नोव्हेंबर २०२० च्या भागात डीनवरचे आपले प्रेम उच्चारतो आणि त्या उच्चाराची किंमत म्हणून नाहीसा होतो. त्यानंतर दोनच आठवड्यांनी आलेल्या अखेरच्या भागात, नव्या स्वर्गाच्या उभारणीत त्याने मदत केली एवढेच बॉबी सांगतात आणि डीन हसतो. एवढ्या मोठ्या कबुलीला उत्तर नकाराचेही चालले असते, पण ते कथेने द्यायला हवे होते.

असे का झाले असावे, याचा एक धागा मला गाडीत सापडतो. स्वर्गात डीनला त्याची १९६७ सालची इम्पाला दिसते, तेव्हा तिच्यावर पहिल्या पर्वातली कॅन्ससची जुनी नंबरप्लेट असते. सप्टेंबर २००५ मध्ये सुरू झालेली, दोन भाऊ आणि एक गाडी एवढीच असलेली मालिका निर्मात्यांनी येथे मिटवली आहे. आपण मात्र पंधरा वर्षे विस्तारत गेलेली मालिका पाहत होता. नाते रक्तापुरते नसते हे बॉबींचे म्हणणे तिनेच आपल्याला शिकवले होते, आणि त्या घरातल्या बाकीच्या माणसांना शेवटी जागा उरली नाही.

बहिणीला भाग पाहू नकोस, असे कृपया सांगू नका. फक्त पंधराव्या पर्वाचा एकोणिसावा आणि विसावा म्हणजे अखेरचा भाग तिने एकाच रात्री पाहू नये, एवढी काळजी घ्या. मूळ प्रसारणात त्या दोन भागांमध्ये १२ ते १९ नोव्हेंबर असा आठवडा होता. एकोणिसाव्याच्या अखेरीस भाऊ मोकळ्या रस्त्याने निघतात आणि पंधरा वर्षांतली दृश्ये एकामागून एक सरकत जातात. ते पाहून झाल्यावर आठवडाभर तिला त्या रस्त्यावरच राहू द्या.