आरव्हीत राहायचं तर आधी पाय आवरा

अमेरिकेत आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायला लागलो त्या पहिल्या वर्षी आमचे सगळ्यात जास्त पैसे डिझेलमध्ये गेले. आज युटा, परवा अ‍ॅरिझोना असं पळत सुटू नका. एका जागी थांबलात की खर्च आटोक्यात येतो. आरव्ही पार्कचा महिन्याचा दर रोजच्या दराच्या मानाने बहुधा बराच स्वस्त पडतो. (विजेचे वेगळे लावतात का, ते आधीच विचारा.)

देशाच्या पश्चिमेकडे बीएलएमच्या (सरकारी जमिनी सांभाळणारं केंद्रीय खातं) जमिनीवर बऱ्याच ठिकाणी 14 दिवस फुकट राहता येतं. पण तिथे ना नळ, ना वीज. ताटं आधी कागदाने पुसायची, मग स्प्रेच्या बाटलीने धुवायची. आंघोळीला गरम पाणी येईपर्यंत जे गार वाहतं ते बादलीत धरायचं, तेच कमोडला. आणि प्रोपेन गॅस वाचवायला आपला कुकरच! डाळ-भात एकदम लावा, शिट्ट्या झाल्या की बंद करून वाफेवर मुरू द्या.

ताशी 60 मैलांच्या वर जाऊ नका, वाऱ्याशी झुंजण्यात इंधन जातं. छपराचे सांधे मात्र वर चढून बघत जा. आम्ही सीलंटचे (फटी बुजवायच्या लेपाचे) चार पैसे वाचवले आणि कपाटामागची भिंत कुजवून बसलो.