आम्ही दोघं नवरा-बायको कर्णबधिर आहोत, मुलाला ऑटिझम आहे. मुंबईत आमच्यासारखे पालक कुठे भेटतील? आणि घरात खुणा बंद कराव्यात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. खुणा बंद करू नका, सांगणारा कितीही शिकलेला असला तरी.

मी आणि माझे मिस्टर दोघंही जन्मापासून डेफ. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला ऐकू येतं. तीन वर्षांचा झाला तरी बोलेना, तेव्हा सगळ्यांनी एकच कारण काढलं: घरात बोलणारं कुणी नाही, मग पोर बोलणार कसं? डॉक्टरही तेच म्हणाले. त्यात दोन वर्षं गेली. खरं तर डेफ घरातलं मूल बोलायच्या आधी खुणा करायला लागतं. आमचा खुणाही चार-पाचच करायचा आणि आमच्या चेहऱ्याकडे बघायचाच नाही. खुणांच्या भाषेत न बघणं म्हणजे न ऐकणं. हे मला दिसत होतं, पण माझं म्हणणं कुणी विचारातच घेतलं नाही.

मोठ्या जाऊबाईंनी उपाय सुचवला: त्याला चिपळूणला ठेवा, बोलत्या घरात राहिला की बोलेल. सात महिने ठेवला. बोलला नाही. परत आला तेव्हा ‘पाणी’ ही खूणही गेली होती. माझं मनगट धरून मला माठापाशी ओढत न्यायचा, बस.

मग निदान झालं, थेरपी सुरू झाली. मी दाराच्या काचेतून बघत बसायची. तो खूश झाला की हात फडफडवायचा आणि समोरच्या मॅडमचे ओठ हलायचे. ते ओठ मला वाचावेच लागले नाहीत. ‘हात खाली.’ माझ्या शाळेत खूण केली की बाईंचे ओठ असेच हलायचे आणि बोटांवर पट्टी बसायची. १८८० साली इटलीत मिलानला डेफ मुलांच्या शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे ठरलं की डेफ मुलांना खुणा नकोत, नुसतं बोलायला शिकवा. त्याचे वळ शंभर वर्षांनंतर मुंबईत माझ्या हातांवर उठले. त्याच परिषदेने २०१० साली कॅनडात व्हँकुव्हरला ते ठराव फेटाळले, खेदही व्यक्त केला. आणि माझ्या मुलाला अजून तेच ऐकवत होते. ते सेंटर मी दुसऱ्या दिवशी सोडलं.

आता माणसं कुठे भेटतात ते.

ऑटिझमच्या पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप भरपूर आहेत आणि सगळे व्हॉइस नोट पाठवतात. ‘कृपया लिहा’ असं मी निदान पन्नास वेळा लिहिलं असेल. तिघींनी मनावर घेतलं. त्या तिघी आज मला बहिणींसारख्या आहेत. तुम्हीही लिहीत राहा, लाजू नका.

पण माझी खरी माणसं मिळाली लोकलच्या अपंगांच्या डब्यात. मुंबईतल्या डेफ लोकांना हा डबा म्हणजे काय ते सांगायला नको. गप्पा संपल्या नाहीत म्हणून आपलं स्टेशन सोडून पुढे जाणारे आम्ही. एका संध्याकाळी ठाण्याकडे जाताना एका ओळखीच्या काकांनी मुलाला हाक मारायची म्हणून खांद्यावर थापटलं, आपल्यात मारतात तशी. तो किंचाळत खाली बसला, दोन्ही हात कानांवर. डब्यातल्या एकाने दुसऱ्याला ‘वेडा’ची खूण केली. आपल्याच माणसाने केलेली ती खूण फार लागली. ऑटिझम हा शब्द मी बोटांनी अक्षर-अक्षर करून दाखवला, कुणाला कळेना. मग सांगितलं: याला ऐकू येतं, पण इतकं जास्त येतं की दुखतं. काकांनी मला ते परत सांगायला लावलं. ऐकू येण्याचाही त्रास होतो, हे त्यांनी साठ वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

मलाही ते उशिराच कळलं होतं. शेजारच्या ताईंनी लिहून दिलं, तुमच्या कुकरच्या शिट्ट्या, भांड्यांची आदळआपट आमच्या भिंतीपर्यंत येते. तो स्वयंपाकघरात कान का झाकतो ते तेव्हा उमगलं. दिवा चालू-बंद करून हाक मारणं, जमिनीवर पाय आपटणं, या आपल्या घरच्या सगळ्या हाका त्याला सहन होत नाहीत. आता मी त्याच्यासमोर जमिनीवर बसते आणि त्याची नजर येईपर्यंत थांबते. काकाही आता तसंच करतात. डब्यातले पाच-सहा जण त्याला ओळखतात, त्याची खिडकी सोडून देतात.

तो टाटा करताना तळवा स्वतःकडे ठेवतो, कारण आमचा तळवा त्याला तसाच दिसतो. खुणा करणाऱ्या ऑटिस्टिक मुलांमध्ये हे आढळतं, संशोधनातही नोंदलंय. चुकलं म्हणून हात धरून फिरवू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१६ च्या कायद्यातल्या २१ अपंगत्वांत ऑटिझम आहे, युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढा. त्यानंतर सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचाही काही खर्च त्यात बसतो. तपासणीला खुणांच्या भाषेचा इंटरप्रिटर (दुभाषी) हवाच, नातेवाईक नको. नातेवाईक अर्धं गाळून सांगतात. बांद्रा रेक्लमेशनला ‘अली यावर जंग’ ही ऐकण्या-बोलण्याच्या अपंगत्वासाठीची सरकारी संस्था आहे, तिथे इंटरप्रिटरची चौकशी करा. आणि मुलाच्या शब्दांत खुणाही मोजा, असं तपासणीच्या वेळी लिहूनच द्या.

एक राहिलं. मूल बोलत नसेल तर आधी बेरा तपासणी करून घ्या, ऐकू येतं की नाही ते नक्की कळू दे. स्पीच थेरपीही करा, माझा तिला विरोध नाही. माझा मुलगा आज वीसेक शब्द बोलतो, खुणा दीडशेच्या वर. तुमचं मूल वेगळं असेल. पण आजी-आजोबांकडे ठेवायचा विचार मनात असेल तर ठेवू नका. जाऊबाई अजून म्हणतात, आणखी वर्षभर ठेवला असता तर बोलला असता. ती ‘पाणी’ची खूण परत यायला अकरा महिने लागले. रोज माठापाशी उभी राहून मी ती करत होते.