‘मला गणित जमेल’ म्हटल्यावर गणित जमतं का?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. सहामाहीत बीजगणितात ४० पैकी १७, भूमितीत ११. शाळेत ‘ग्रोथ माइंडसेट’वर कार्यशाळा झाली. तेव्हापासून ती ‘जमत नाही’ऐवजी ‘अजून जमत नाही’ म्हणते, पण मार्क तेवढेच. मलाही गणित कधी जमलं नाही, आमच्या घराण्यातच नाही ते. आतापासूनच कॉमर्स ठरवून टाकावं का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, शाखा आत्ता ठरवू नका. दहावीला अजून वर्षाहून जास्त वेळ आहे, आणि कॉमर्स म्हणजे गणितातून सुटका नव्हे. अकरावीत गणिताऐवजी एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस, म्हणजे कंपनी-चिटणिसाचं कामकाज) घेता येतं, हे खरं. पण पुढे सीए करायचं मनात आलं, तर फाउंडेशन या पहिल्याच परीक्षेत गणित आणि सांख्यिकीचा पेपर समोर येतो. कॉमर्स आवडलं म्हणून घ्या, भूमितीच्या धाकाने नको.

आता कार्यशाळेबद्दल. बुद्धी जन्मतः ठरलेली नसते, ती वाढवता येते, ही ‘ग्रोथ माइंडसेट’ची मांडणी कॅरल ड्वेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंची. अमेरिकेतल्या सुमारे १२ हजार नववीच्या मुलांवरचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तासाभराच्या ऑनलाइन धड्याने मागे पडलेल्या मुलांची श्रेणी ४ पैकी सरासरी ०.१ने सुधारली. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या १०१ शाळांतल्या प्रयोगात मात्र गणितात काहीच फरक दिसला नाही. तेव्हा एका कार्यशाळेने ११चे २५ होतील, ही अपेक्षाच चुकीची होती. त्यात तुमच्या मुलीचा दोष नाही. उलट ‘अजून’ म्हणणारी मुलगी वही मिटून बसत नाही, एवढा फायदा मी नक्की धरेन. पण वही उघडल्यावर काय करायचं, ते तिला कुणीतरी दाखवायला हवं.

दोन्ही उत्तरपत्रिका घेऊन तिच्याशेजारी बसा. तुम्हाला गणित येण्याची गरज नाही. प्रत्येक चुकलेल्या उदाहरणात ‘इथवर मला कळत होतं’ ती ओळ तिलाच दाखवू द्या. माझ्याकडे येणाऱ्या नववीच्या मुलांची गाडी बहुतेकदा नववीच्या धड्यात अडलेली नसतेच. वजाच्या चिन्हांचा गुणाकार, अपूर्णांकांचा भागाकार असं सहावी-सातवीचं काहीतरी कच्चं असतं, आणि बहुपदी सोडवताना ते उघडं पडतं. भूमितीत वेगळी गोष्ट होते. प्रमेय पाठ असतं, पण आकृती थोडी फिरवून दिली की कुठले दोन त्रिकोण एकरूप दाखवायचे ते सुचत नाही. पाठांतर वाढवून हे सुटत नाही. तिला रोज एकच आकृती स्वतः काढू द्या आणि प्रत्येक पायरीचं कारण मोठ्याने सांगू द्या.

सहावी-सातवीची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. नववीच्या मुलीला सातवीचं पुस्तक काढायची लाज वाटेल, म्हणून क्लासच्या मित्रमैत्रिणींसमोर नको, घरी काढा. क्लास बदलण्याची घाईही नको. पन्नास मुलांच्या वर्गात मागचं शिकवायला कुणाला वेळ नसतो, तो क्लास नावाजलेला असला तरी.

आणि ‘घराण्यातच नाही’ हे वाक्य तिच्यासमोर बंद करा. ‘केवढी मेहनत केलीस’ एवढ्यावरही थांबू नका. निव्वळ मेहनतीचं कौतुक पुरत नाही, असं ड्वेकबाईंनीच २०१५ मध्ये बजावलं होतं. ‘ही पायरी कशी सुचली?’ असं विचारा.

वार्षिक परीक्षेनंतर दोन्ही भागांच्या उत्तरपत्रिका जपून ठेवा आणि मला पुन्हा लिहा. शाखेचं तेव्हा बोलू.