इंग्लंडमधला साउथ डाउन्स वे चालायचा आहे. सह्याद्रीत ट्रेक केलेल्याला तो जमेल का?

नक्की जमेल. विंचेस्टर ते ईस्टबोर्न अशी ही वाट साधारण 160 किलोमीटरची आहे. रोज 18-20 किलोमीटर चाललात तर आठ-नऊ दिवसांत होते. कातळकडे, दोर वगैरे काही नाही, पण चढउतार रोजचेच.

खरी काळजी पाण्याची घ्या. ही वाट साउथ डाउन्स नावाच्या टेकड्यांवरून जाते आणि त्या खडूच्या दगडाच्या आहेत. पाऊस पडला की पाणी आत झिरपून जातं, त्यामुळे धारेवर ओढा किंवा झरा मिळत नाही. वाटेवर मोजके नळ आहेत. ते नकाशावर आधीच हेरून ठेवा आणि दोन लिटर तरी जवळ बाळगा. ओला खडू भलताच निसरडा असतो, तेव्हा चांगली पकड असलेलेच बूट घाला.

मुक्कामाची गावं बहुतेक टेकडीच्या पायथ्याशी, म्हणजे संध्याकाळी उतरा आणि सकाळी पुन्हा चढा. अ‍ॅम्बर्ली आणि अल्फ्रिस्टन चुकवू नका. अल्फ्रिस्टनमधलं चौदाव्या शतकातलं गवताने शाकारलेलं क्लर्जी हाऊस, म्हणजे पाद्र्यांचं घर, जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने 1896 मध्ये अवघ्या 10 पौंडांना घेतलं. ट्रस्टने विकत घेतलेली ती पहिली वास्तू.

आणि एक आग्रहाची विनंती. ब्रायटनच्या वर, वाटेपासून थोडं दक्षिणेला ‘छत्री’ आहे. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या इस्पितळांत वारलेल्या 53 हिंदू आणि शीख सैनिकांना तिथे अग्नी दिला होता. पांढऱ्या संगमरवराचं हे स्मारक 1921 चं. तेवढी वाट वाकडी कराच.