वाटाड्याच्या तोंडी आपली गावे

प्रश्न : पुण्याहून सासवडला जाताना गाडीतील मार्गदर्शक आवाज दिवे घाटाला ‘डाइव्ह घाट’ म्हणतो. मोरे वस्तीची तो ‘मोअर वस्ती’ करतो आणि नळ स्टॉपचा ‘नाल स्टॉप’. पुढचे वळण किती मीटरवर आहे हे अचूक सांगणाऱ्या यंत्रणेला आपली साधी नावे का म्हणता येत नाहीत? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : आपण दिलेल्या तीन नावांपैकी पहिली दोन एका कारणाने बिघडतात आणि तिसरे दुसऱ्या. हा आवाज नावे ऐकून शिकलेला नसतो, तर नकाशाच्या साठ्यातून समोर आलेली अक्षरे वाचून तो बोलत असतो आणि ही अक्षरे बहुतेक वेळा रोमन लिपीतील असतात. वाचणारी प्रणाली आधी आपल्या उच्चारकोशात तो शब्द शोधते, आणि तो सापडला नाही तरच अक्षरांवरून उच्चाराचा अंदाज बांधते. आता दिवे घाटातील ‘दिवे’ रोमन लिपीत डी, आय, व्ही, ई असे लिहिले की तो नेमका ‘सूर मारणे’ या अर्थाचा इंग्रजी शब्द होतो. शब्द कोशात सापडल्यामुळे यंत्राला शंका घेण्याचे कारणच उरत नाही. मोरे वस्तीचे तेच होते. साने गुरुजी मार्गातील ‘साने’, विलेपार्ल्यातील ‘विले’, रायगड जिल्ह्यातील पेण आणि खुद्द ठाणे ही सगळी नावे रोमन लिपीत इंग्रजी शब्दांशी तंतोतंत जुळतात. ठाण्यासारख्या मोठ्या शहराचा उच्चार कोणीतरी कोशात मुद्दाम नोंदवून ठेवला असेल तर तो नीट ऐकू येतो, पण वस्त्या, वाड्या आणि चौकांसाठी असे कष्ट सहसा कोणी घेतलेले नसतात.

नळ स्टॉपची गोष्ट वेगळी आहे. तेथे नाव रोमन लिपीत उतरतानाच त्याचा अर्धा ऐवज गळून पडला आहे. भारतातील सरकारी नकाशांत नावे रोमन लिपीत लिहिण्यासाठी हंटेरियन पद्धत वापरतात. तिच्या रोजच्या वापरातील रूपात ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट, द आणि ड यांना एकच अक्षर मिळते, आणि दीर्घ स्वरांवरच्या आडव्या रेघा पाट्यांवर व नकाशांत गाळल्या जातात. महाडचे उदाहरण घ्या. एम, ए, एच, ए, डी या पाच अक्षरांत पहिला स्वर अ किंवा आ, दुसराही अ किंवा आ आणि शेवटचे व्यंजन द किंवा ड असू शकते, म्हणजे ‘महद’पासून ‘माहाड’पर्यंत आठ वाचने शक्य होतात आणि त्यांपैकी एकच खरे असते. चिपळूणमध्ये तर ळ आणि ण दोन्ही हरवतात, आणि खेडचा ‘खेद’ होतो. हे टाळता येत नाही असे मुळीच नाही. २००१ मधील आयएसओ १५९१९ या आंतरराष्ट्रीय मानकात ळ, ण, ट, ड यांच्यासाठी खाली टिंब दिलेली अक्षरे आहेत आणि दीर्घ स्वरांसाठी रेघाही आहेत. मात्र रस्त्यावरच्या पाटीपर्यंत आणि नकाशाच्या साठ्यापर्यंत ती टिंबे पोहोचलीच नाहीत.

संक्षिप्त रूपांमुळे आणखी घोळ होतो. इंग्रजी नकाशांत डी-आर ही अक्षरे ‘डॉक्टर’साठीही येतात आणि ‘ड्राइव्ह’ या रस्त्याच्या प्रकारासाठीही. कोणते रूप घ्यायचे हे यंत्राला शेजारच्या शब्दांवरून ठरवावे लागते आणि डॉ. आंबेडकर मार्ग वाचताना त्याची गफलत होऊ शकते. रस्त्याचे नाव साठ्यात भरतानाच पूर्ण शब्दांत लिहिले तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

हे सगळे किरकोळ आहे, वळण कळल्याशी कारण, असे काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. चालकाची नजर रस्त्यावर राहावी म्हणूनच हा आवाज दिलेला असतो. ऐकलेले नाव ओळखीचे वाटले नाही की तो पडद्याकडे पाहतो, आणि घाटात ते क्षणभराचे पाहणेही महागात पडू शकते. शिवाय नव्याने राहायला आलेली माणसे आजकाल परिसराची नावे शेजाऱ्यांकडून शिकण्याआधी या आवाजाकडून शिकतात, त्यामुळे त्याने रुजवलेला चुकीचा उच्चार पुढे रिक्षावाल्याला आणि टपालवाल्यालाही ऐकावा लागतो.

प्रश्न : मी आवाजाची भाषा इंग्रजीऐवजी मराठी केली. सूचना छान मराठीत येतात, पण आमच्या गल्लीचे नाव अजूनही चुकते आणि ‘चाकण’ तर हिंदी वळणाचे वाटते. असे का? (एक वाचक, तळेगाव दाभाडे)

उत्तर : भाषा बदलल्याने एक मोठी अडचण नक्की दूर होते. इंग्रजी आवाजापाशी ळ नाही, आणि आपला त व ट यांतील भेदही त्याच्यापाशी नाही, कारण ज्या व्यक्तीच्या ध्वनिमुद्रणावरून तो घडवला तिने ते ध्वनी उच्चारलेलेच नसतात. अशा आवाजाला कोशात अचूक उच्चार लिहून दिला तरी तो जवळात जवळचा इंग्रजी ध्वनी काढून मोकळा होतो. प्रमाण हिंदीतही ळ हा स्वतंत्र ध्वनी नसल्याने हिंदी आवाजाच्या तोंडून जळगावचे ‘जलगाव’ आणि धुळ्याचे ‘धुले’ येण्याची शक्यता राहते. मराठी आवाज या बाबतीत सरस ठरतो.

पण आपल्या गल्लीचे नाव साठ्यात मुळात रोमन लिपीतच भरलेले असेल, तर मराठी आवाजासाठी ते यंत्राकरवी देवनागरीत उलटवले जाते आणि महाडच्या बाबतीत सांगितलेली आठ वाचनांची अडचण पुन्हा उभी राहते. एकदा गळालेला ळ उलट्या लिप्यंतराने परत येत नाही. नाव आरंभापासून देवनागरीत नोंदवणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

चाकणच्या बाबतीत मात्र देवनागरीही पुरी पडत नाही. मराठीत च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत, दंत्य आणि तालव्य. चाकणमधील च ‘चाक’मधल्यासारखा दंत्य आहे, ‘चार’मधल्यासारखा नाही. आपली लिपी हा भेद दाखवत नाही, कारण मराठी वाचकाला तो दाखवण्याची गरज कधी पडली नाही. चिंचवडमध्ये तर दोन्ही च शेजारी शेजारी नांदतात. पहिला इकारामुळे तालव्य आणि दुसरा दंत्य. पिंपरी-चिंचवडच्या माणसाला हे सांगावे लागत नाही, पण यंत्राला सांगावे लागते आणि ते नियमाने पुरेसे सांगता येत नाही. ‘चाक’ आणि ‘चार’ यांत पुढचा स्वर एकच असूनही च वेगळा आहे, म्हणून असे नाव उच्चारासह कोशात स्वतंत्र नोंदवावे लागते. तांत्रिक सोय त्यासाठी जुनीच आहे. बोलणाऱ्या यंत्राला एखादा शब्द नेमका कसा उच्चारायचा हे लिहून देण्याची पद्धत वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये प्रमाणित केली आणि उच्चारकोशाचे मानक २००८ मध्ये आले.

परदेशातही हेच करावे लागते. न्यूयॉर्कमधील एका रस्त्याचे नाव आणि टेक्सासमधील एका शहराचे नाव रोमन लिपीत अगदी सारखे लिहितात, पण रस्ता ‘हाउस्टन’ आहे आणि शहर ‘ह्यूस्टन’. म्हणून उच्चाराची नोंद नुसत्या शब्दाशी जोडून भागत नाही, ती ठिकाणाशी जोडावी लागते.

प्रश्न : गोव्यात हा आवाज पेडण्याला ‘पर्नेम’ आणि केप्याला ‘क्वेपेम’ म्हणतो. आमची नावे अशी परकी का वाटतात? (एक वाचिका, म्हापसा)

उत्तर : गोव्याची रोमन लेखने पोर्तुगीज वळणाची आहेत. त्या पद्धतीत शेवटचा ‘एम’ उच्चारायचा नसून आधीचा स्वर अनुनासिक आहे एवढेच सांगतो. कोकणीतील ‘पेडणें’ आणि ‘केपें’ यांतला अनुस्वार त्याने दाखवला आहे. क्यू-यू ही जोडी एकार-इकाराआधी क असते आणि एक्स हे अक्षर श असते. इंग्रजी नियमाने वाचणाऱ्या यंत्राला यातले काहीच कळत नाही. डिचोली, साखळी, काणकोण ही नावे त्याच कारणाने बिघडतात. गोव्यासाठी तरी कोकणी आणि मराठी देवनागरी रूपे वेगवेगळी नोंदवली गेली पाहिजेत.

प्रश्न : आम्ही सामान्य वापरकर्ते यात काय करू शकतो? (एक प्रवासी वाहनचालक, कऱ्हाड)

उत्तर : बरेच काही करता येते. आपण वापरता त्या नकाशात बदल सुचवण्याची सोय असल्यास तेथे मराठी नाव देवनागरीत लिहून गावच्या पाटीचे छायाचित्र जोडावे. याखेरीज २००४ मध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा मुक्त नकाशा कोणालाही खाते उघडून दुरुस्त करता येतो. त्यात प्रत्येक ठिकाणाला मराठी नावासाठी वेगळा रकाना असतो आणि आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत उच्चार लिहिण्यासाठीही वेगळा असतो. ऑस्मअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स ही उपयोजने हाच साठा वापरतात. मात्र दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून नावे उतरवून घेऊ नयेत, परवान्यानुसार ते चालत नाही. स्वतःला ठाऊक असलेले किंवा पाटीवर वाचलेले नाव चालते.

मोठ्या शहरांपेक्षा वाड्या, फाटे, चौक आणि पूल यांच्यापासून सुरुवात करावी. पाटीवरच नाव चुकले असेल तर ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला आधी लेखी कळवावे, कारण नकाशे भरणारी माणसे पाटीचाच आधार घेतात. आपल्या कऱ्हाडसारखी ‘कराड’ आणि ‘कऱ्हाड’ अशी दोन रूपे चालत असतील, तर एक खोडून दुसरे लिहू नये. पाटीवरचे मुख्य नावात ठेवावे आणि दुसरे पर्यायी नावाच्या रकान्यात भरावे, म्हणजे शोधणाऱ्याला दोन्ही सापडतील.