कोपरखैरण्यात फ्लॅट घेतोय, खाडीपलीकडे बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) आहे. अणुभट्टीत काही झालं तर सायरन ऐकू येईल का? आयोडीनच्या गोळ्या घरात ठेवाव्यात का?

सायरनच्या भरवशावर राहू नका, एवढं आधी सांगतो. ट्रॉम्बेच्या बीएआरसीचा भोंगा बंद खिडक्या आणि चालू एसीमध्ये खाडी ओलांडून तुमच्या बेडरूममध्ये येईल असं धरून चालू नये. आणि तुम्ही बघताय ती दिशाच अर्धी आहे. पश्चिमेला खाडी दिसते म्हणून सगळे बीएआरसीचं विचारतात, पण तिथल्या भट्ट्या रिसर्चच्या. सायरस 2010 च्या शेवटी बंद झाली, ध्रुव 100 मेगावॅटची आणि तेही उष्णतेचे मेगावॅट, उलट तारापूरच्या अणुवीजकेंद्रात 3 आणि 4 नंबरची युनिट्स प्रत्येकी 540 मेगावॅट वीज देणारी आहेत. धोका शून्य आहे असं मी म्हणत नाही. पण जरा पूर्वेला वळून बघा, ठाणे-बेलापूर रोडच्या पलीकडे दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत टीटीसीचा, म्हणजे कारखान्यांचा पट्टा आहे आणि माझ्या मते रात्री झोपेतून उठवणारी गोष्ट आलीच तर तिकडून येईल.

मी याच पट्ट्यात केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये आयुष्य काढलंय, क्लोरीनचे टनर, म्हणजे मोठे सिलिंडर, हाताळलेत, त्यामुळे हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

काही वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसात मध्यरात्री आमच्या भागात उग्र वास सुटला, ब्लीचिंग पावडरसारखा, डोळे चुरचुरायला लागले. मी उठून खिडक्या लावतोय तोवर सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज, गॅस लीक आहे, सगळ्यांनी ताबडतोब खाली गार्डनमध्ये जमा. आणि लोक निघाले की हो! गाऊनवर शाल घेतलेल्या बायका, खांद्यावर झोपलेली पोरं, एका आजींना दोघं जण खुर्चीसकट उतरवतायत. क्लोरीन हवेच्या अडीच पट जड असतो, तो जमिनीलगत सरपटतो आणि खड्ड्यात, बेसमेंटमध्ये, पार्किंगमध्ये साचतो, आणि ही सगळी माणसं नेमकी तिथेच चालली होती. मी जिन्यात आडवा उभा राहिलो, वर चला, वर चला म्हणून ओरडत होतो. सेक्रेटरी खालून ओरडत होते की फायर ड्रिलमध्ये खालीच जमायला शिकवलंय. जे वर आले त्यांना आमच्या आणि वरच्या मजल्यांवर घरांत घेतलं, दाराखाली ओले टॉवेल लावले. सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये संडासाच्या खिडकीला त्या काचेच्या पट्ट्या असतात ना, त्या कधीच नीट मिटत नाहीत, त्यावर वर्तमानपत्र लावून ब्राऊन टेपने चिकटवलं. एक्झॉस्ट फॅनचं भोकही तसंच बुजवलं. खाली गेलेले खोकत खोकत परत आले. पहाटे वास गेला. कुठून आला, कसला होता, कोणीही येऊन सांगितलं नाही.

पुढच्या जनरल मीटिंगला मी तीनच गोष्टी मागितल्या. प्रत्येक मजल्यावर मराठी-हिंदीत बोर्ड की आग लागली तर खाली आणि गॅस असेल तर आत-वर, गेटवर हाताने फिरवायचा भोंगा, आणि वर्षातून एकदा रंगीत तालीम. उत्तर काय मिळालं, तर लोक घाबरतील आणि फ्लॅटचे रेट पडतील. या वाक्याचा मला आजही राग येतो. अहो, तारापूरला 1969 पासून अणुवीजकेंद्र आहे, त्याच्याभोवती 16 किलोमीटरचा इमर्जन्सी झोन आहे, बाहेरच्या गावांचा प्लॅन कलेक्टरच्या हातात असतो आणि दर दोन वर्षांनी त्याची तालीम घ्यावी लागते. लोकांना घाबरवायला घेतात का ती? विशाखापट्टणमला 7 मे 2020 च्या पहाटे एका कंपनीतून स्टायरीन हा विषारी वायू सुटला, बारा माणसं गेली, लोक पळता पळता रस्त्यात कोसळले, आणि सरकारच्या चौकशी समितीने सांगितलं की कंपनीत भोंगा होता पण वाजवलाच नाही. माणसं न कळल्यामुळे मरतात. 1989 च्या नियमांत स्पष्ट आहे की मोठ्या प्रमाणावर घातक रसायनं ठेवणाऱ्या कारखान्याने आजूबाजूच्या लोकांना धोका काय आणि काय करायचं, काय नाही हे आधीच कळवायचं. मग सोसायटीने त्यांना पत्र लिहून ते मागायला काय हरकत आहे?

तर तुमच्यासाठी, मोबाईलमधले इमर्जन्सी अलर्ट चालू ठेवा. 2023 मध्ये सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले होते ती त्याचीच चाचणी होती, टॉवरच्या रेंजमधल्या फोनवर थेट येतो तो मेसेज, ग्रुपवरच्या फॉरवर्डपेक्षा त्यावर विश्वास ठेवा. अणूचं असो वा गॅसचं, पहिलं काम एकच, घरात या, खिडक्या-एसी-एक्झॉस्ट बंद, आणि सूचना येईपर्यंत गाडी काढू नका, वाशीच्या पुलावर अडकून काय मिळणार? फ्लॅट बघायला जाल तेव्हा कमिटीला विचारा की गॅस आला तर तुमच्याकडे काय ठरलंय. नुसते हसले तर समजून जा.

गोळ्यांचं राहिलंच. त्या फक्त थायरॉईडला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवतात, बाकी कशापासून नाही, आणि सांगितलेल्या वेळीच घ्यायच्या असतात. जास्त उपयोग लहान मुलं आणि गरोदर बायकांना. थायरॉईडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नका. आणि हो, वर चला हे क्लोरीनसारख्या जड वायूसाठी, बिल्डिंगमध्येच आग असेल तर जिन्याने खालीच उतरायचं, लिफ्ट नाही.